वहिवाट मोडल्यावर

भयपटाचा उत्तरभाग हा निर्माता आणि प्रेक्षक यांच्यामधला एक अलिखित करारनामा असतो. मागील खेपेस ज्या भीतीने झोप उडवली तीच भीती किंचित वेषांतर करून पुन्हा हजर केली जाईल, एवढेच त्याचे कलम, आणि ते पाळले गेले की कलेची कितीही हानी झाली तरी कोणी फिर्याद करीत नाही. १९८२च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झालेल्या ‘हॅलोवीन ३ : सीझन ऑफ द विच’ने हे कलम उघडउघड मोडले. १९७८ आणि १९८१च्या भागांतला मुखवटेधारी खुनी मायकेल मायर्स येथे कथेतून हद्दपार झाला; दूरचित्रवाणीवर पहिल्या चित्रपटाची जाहिरात लागते, तेवढ्यापुरता काय तो दिसतो. यापुढे हॅलोवीनच्या निमित्ताने प्रत्येक वेळी स्वतंत्र कथा सांगावी, ही जॉन कारपेंटर आणि डेब्रा हिल या निर्मात्यांची तजवीज प्रेक्षकांनी साफ नामंजूर केली.

माझी तक्रार वहिवाट मोडल्याची नाही. आयर्लंडात राहून हा चित्रपट पाहणाऱ्याला खंत वाटते ती निराळीच: वहिवाट सोडल्यामुळे हॅलोवीनचे जे मूळ हाती लागले होते, तेच दिग्दर्शक टॉमी ली वॉलेस यांनी वाया घालवले.

ते मूळ याच भूमीतले. ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी सुरू होणारा साउइन हा हिवाळ्याच्या आरंभाचा प्राचीन सण. उन्हाळी कुरणांवरची गुरे तोवर खाली आणलेली असत, आणि त्या रात्री इहलोक व परलोक यांमधील सीमा विरळ होते अशी श्रद्धा असे. आपल्या सर्वपित्री अमावास्येला पितरांसाठी पान वाढणाऱ्या घराला हा भाव परका वाटू नये. रॉसकॉमन परगण्यातील राथक्रोहनची गुहा हे त्या परलोकाचे द्वार मानले गेले आहे. शलगम कोरून त्यात दिवा ठेवण्याची येथील रीत स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत पोहोचली, आणि तेथे शलगमाची जागा भोपळ्याने घेतली.

या साऱ्या संचिताचा मुखत्यार म्हणून चित्रपटात कॉनल कॉकरन हा मुलांचे मुखवटे बनवणारा आयरिश कारखानदार उभा राहतो. वेक्सफर्डला जन्मलेले आणि डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहात अभिनय केलेले डॅन ओहर्लिही ही भूमिका अशा शालीन क्रौर्याने वठवतात, की साउइनविषयीच्या त्यांच्या एका भाषणात उर्वरित चित्रपटाहून अधिक भय आहे. परंतु भाषण संपताच कथा यंत्रमानवांकडे आणि मुखवट्यांत दडवलेल्या इलेक्ट्रॉनिक चकत्यांकडे वळते. मुखवट्यांना अभिचारशक्ती देणारी, स्टोनहेंजहून चोरलेली शिळा तर इंग्लंडातली. ती मर्लिनने आयर्लंडातून नेल्याची मध्ययुगीन आख्यायिका हाताशी असूनही चित्रपट तिचा आधार घेत नाही. ज्या बेटावर मुळात सापच नाहीत, आणि ते संत पॅट्रिकने हाकलले असे सांगितले जाते, त्या बेटाच्या अभिचाराने मुखवट्यांतून साप बाहेर पडावेत, यावरून लेखकांनी आयर्लंडची कितपत चौकशी केली होती ते कळते. आरंभीचे पटकथाकार नायजेल नील यांनी, वाढवलेला रक्तपात न रुचल्याने, श्रेयनामावलीतून आपले नाव काढून घेतले होते.

अलीकडे या चित्रपटाला निष्ठावान चाहते लाभले आहेत, आणि मुलांना जाहिरातीच्या तालावर मृत्यूकडे नेणारा कारखानदार ही कल्पना तीक्ष्ण आहे, हे त्यांचे म्हणणे मी मान्य करतो. तथापि धाडसाचे कौतुक म्हणजे कृतीची भलामण नव्हे. शीर्षकात तीनचा आकडा ठेवून जुन्या भीतीच्या नावावर तिकिटे विकायची आणि आत नव्या भीतीचा अर्धाच हिशेब द्यायचा, हा व्यवहार प्रेक्षकाने नाकारला तर त्याला अरसिक म्हणता येत नाही. मालिका पुढे चालवणाऱ्यांनी मात्र यातून भलताच धडा घेतला: १९८८च्या चौथ्या भागात त्यांनी मायकेल मायर्सचे नाव शीर्षकातच नोंदवले आणि पुन्हा जुनी वाट धरली. प्रेक्षकाला नवे नको असते, असे त्यांनी ठरवून टाकले. दिलेले नवे अपुरे होते, हा निष्कर्ष त्यांना काढता आला असता, पण त्याची जबाबदारी मालिकेच्याच माथी आली असती.