दादांची समाधी, दादांचे घर

बंगळुरूच्या चामराजपेटेत कुणाला कन्नड नट विष्णुवर्धन, म्हणजे चाहत्यांचे ‘दादा’, यांच्या स्मारकाबद्दल विचारलं, तर उत्तर बहुधा दोन टोकांचं मिळेल. 30 डिसेंबर 2009 रोजी ते गेले. अंत्यसंस्कार बंगळुरूच्या अभिमान स्टुडिओत झाले आणि चाहत्यांसाठी ती जागा तीर्थ झाली. जमीन मात्र वादातली. अखेर कुटुंबाने त्यांच्या जन्मगावी, म्हैसूरला स्मारक व्हावं असा आग्रह धरला. 2023च्या जानेवारीत ते खुलंही झालं. मग काय, मराठी मातृभाषेच्या पत्नी भारतीताई, मुलगी कीर्ती आणि नटही असलेले जावई अनिरुद्ध जाटकर यांना चाहत्यांच्या ‘दादा आमचे, तुम्ही कोण?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. (जावयावर राग काढणं आपल्याकडेही सोपंच.) 2025च्या ऑगस्टमध्ये स्टुडिओतली समाधी रातोरात पाडली गेली, तेव्हा चाहत्यांचा संताप मला रास्त वाटला, पण कुटुंबावर वळलेला त्याचा रोख नाही. वादातल्या जमिनीवर वडिलांची आठवण किती वर्षं टांगून ठेवायची, हे ठरवण्याचा पहिला हक्क लेकींचा. चाहत्यांकडे दोनशेहून अधिक चित्रपट आहेत. तेवढ्यावर त्यांनी भागवावं.