वजन मोजता, खर्च कोण मोजणार?

अमेरिकेत बेंचरेस्ट म्हणून खेळ आहे, रायफल टेबलावर टेकवून नेम धरायचा. 10.5 पौंडांच्या रायफली एका गटात, 13.5 च्या दुसऱ्या. जड रायफलीला धक्का कमी, म्हणून गट वेगळे. रास्तच आहे. आपल्या पोरांच्या एअर रायफललाही 5.5 किलोची मर्यादा. तपासणीत जास्त भरली की चालत नाही. पण चांगली रायफल लाखांत जाते, त्याला मर्यादा कुठंय? स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. गोळ्यांसाठी घरच्यांनी कर्ज काढलेलं, ते किती जणांनी वाचलं? 10 मीटरच्या रेंजला एक हॉल पुरतो. नांदेड-लातूरच्या क्रीडा कार्यालयांनी चार-चार रायफली घेऊन पोरांना आलटून-पालटून द्याव्यात. बालेवाडीजवळ खोली करून राहणं सोयाबीनच्या भावात बसत नाही, साहेब.