गाडी धावते, कॅमेरा चालू: दुचाकीवरच्या शूटिंगला आवर कोण घालणार?

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी, माळशेज, वरंधा या घाटांत दुचाकींची रांग लागते. धबधबा बघायला लोक पूर्वीही जायचे. फरक एवढाच की आता थांबून बघणारे कमी झाले आणि गाडी चालवता चालवता बघणारे, म्हणजे खरं तर दाखवणारे, वाढले. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात मोबाईल. मागे बसलेला मित्र उभा राहून शूट करतोय आणि पुढचा त्याच्याकडे वळून 'आलं का नीट?' विचारतोय.

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे हा विषय आम्हाला आधी गणितात दिसतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. स्क्रीनकडे दोन सेकंद पाहिलं, तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, क्रिकेटच्या दीड खेळपट्टीपेक्षाही लांब. तेवढं अंतर गाडी चालवणारा डोळे मिटूनच गेला. नंतर समोर काही दिसलं तरी ब्रेक दाबेपर्यंत आणखी एक सेकंद जातो, आणि तोही एकाच हाताने. मोटरसायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, क्लच डाव्या हाताला. कुठलाही हात मोकळा केला तरी गाडीचा अर्धा ताबा गेलाच. मुलांना फळ्यावर हे मांडून दाखवलं की ती क्षणभर गप्प होतात. मग एखादा म्हणतो, "सर, पण आम्ही स्लो चालवतो."

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट नसलेले ५०,०२९. मोबाईलच्या वापरामुळे मात्र फक्त ३,३९५ मृत्यू दाखवले आहेत, म्हणजे एकूण मृत्यूंच्या दोन टक्के. हा आकडा वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. पंचनामा करणाऱ्या हवालदाराला रस्त्यावर फुटलेला मोबाईल सापडला, तरी तो हातात होता की खिशात, हे सांगणार कोण? रीलसाठी वेग वाढवलेला मुलगा कागदोपत्री 'अतिवेग' या रकान्यात जातो. फोटो काढणे, व्हिडिओ बनवणे असा रकानाच नाही. त्यामुळे सरकारी आकड्यांत हा आजार आहे त्यापेक्षा बराच लहान दिसतो.

हे वेड आलं कुठून? २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. बाजार बंद झाला नाही, दुकान बदललं. त्यात मोटरसायकलवर व्हिडिओ बनवून कमावणारे 'मोटो व्लॉगर' आले. मे २०२३ मध्ये देहरादूनच्या अशाच एका तरुण यूट्यूबरचा यमुना एक्सप्रेसवेवर ताशी ३०० चा वेग गाठण्याच्या नादात मृत्यू झाला. त्याच वर्षी तामिळनाडूत लाखो चाहते असलेल्या एका यूट्यूबरची गाडी व्हीली मारताना कांचीपुरमजवळ उलटली. त्याला अटक झाली, मद्रास उच्च न्यायालयाने जामीन नाकारताना कडक शब्द वापरले आणि परिवहन खात्याने त्याचं लायसन्स दहा वर्षांसाठी निलंबित केलं. पण त्याचे चाहते कमी झाले का? आमच्या वर्गातल्या पोरांना त्याच्या गाडीचं मॉडेल पाठ आहे, शिक्षेचं कोणालाच ठाऊक नाही.

एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. शब-ए-बरातच्या रात्री मुंबईत पोलिसांना नाकाबंदी लावावी लागते, मशिदींतून इमाम साहेबांना आवाहन करावं लागतं की पोरांना गाड्या देऊ नका. रात्र इबादतची आणि गर्दी स्टंटची. बदनामी साऱ्या मोहल्ल्याची होते, हा आपला नेहमीचा सल असतो. आम्हाला त्यापेक्षा मोठी काळजी वाटते ती त्या पोराच्या जिवाची, आणि फुटपाथने कब्रस्तानकडे निघालेल्या एखाद्या म्हाताऱ्या चाचांच्या जिवाची.

सगळा दोष पोरांवर टाकूनही चालणार नाही. हँडलवर मोबाईल लावून जेवणाचे डबे पोचवणारा तरुण स्क्रीन हौसेने बघत नाही. पत्ता, ऑर्डर आणि गिऱ्हाइकाचा फोन, सगळं त्याच स्क्रीनवर येतं. त्याला आणि रीलवाल्याला एकाच मापाने मोजणं बरोबर नाही.

कायदा काय म्हणतो? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातातला मोबाईल वापरणं 'धोकादायक वाहन चालवणं' यात धरलं आहे. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. २०२० च्या नियमानुसार मोबाईलचा उपयोग फक्त रस्ता शोधण्यापुरता, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. नियम आहेत, पण चौकात उभा असलेला पोलीस हेल्मेट बघतो. घाटातल्या वळणावर पोलीसच नसतो.

खरी धार कलम १९९अ ला आहे. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे पालकांनी कोर्टात सिद्ध करायचं. कोर्ट आधी धरून चालतं ते तुमची संमती होती असंच.

पालक सभेत आम्ही हे कलम वाचून दाखवतो. अब्बू लोक मान हलवतात आणि विचारतात, दंड नेमका कोणाच्या नावावर पडणार? आम्ही सांगतो, आरसी बुक काढून बघा. पुष्कळ घरांत त्या स्कूटीवर नाव असतं अम्मीचं, जिने ती कधी चालवलेलीही नसते.