टाको खा, पाकीट सोडा

पाकिटावर 'लो-कार्ब' छापलं की किंमत चढते, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेलच. ऑनलाइन मिळणाऱ्या कीटो टॉर्टियाच्या एका पाकिटाच्या पैशात पाव किलो कोळंबी सहज येते. मग पैसे कशात घालायचे? माझं मत विचाराल तर कोळंबीत.

फिश टाको म्हटलं की मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या एन्सेनादा या बंदराचं नाव निघतं. तिथला टाको लो-कार्ब वगैरे अजिबात नाही. पिठात बुडवून तळलेला मासा, मक्याची टॉर्टिया, वर चिरलेला कोबी, सॉस आणि लिंबू. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजत ठेवतात आणि मग दळतात, म्हणून टॉर्टिया दुमडली तरी तुटत नाही. (आपली मक्याची भाकरी दुमडून बघा, कळेल!) पण टॉर्टियाशिवायचे टाको मेक्सिकोतही होतात. हिकामा नावाच्या कंदाच्या पातळ चकत्यांमध्ये कोळंबी भरतात. तेव्हा 'हा काय टाको झाला?' असं कुणी म्हणालंच, तर खुशाल दुर्लक्ष करा.

आपल्याकडे हिकामाचं काम कोबीचं पान करतं. मधली जाड शीर तासून घ्या, पान अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग कोरडं पुसून घ्या. कोबी नको असेल तर अंड्याची पातळ पोळी. कोळंबीचा काळा धागा काढा आणि तीही फडक्याने टिपून घ्या, नाहीतर ती परतली न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजत बसते. लसूण, तिखट, हळद, मीठ लावून कडकडीत तापलेल्या तव्यावर दोन-तीन मिनिटं, बास. जास्त ठेवलीत की रबर. वरचा साल्सा म्हणजे कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. थोडक्यात, कोशिंबीर. मेयोऐवजी लसूण घातलेला चक्का चालतो. माशाबरोबर दही म्हटल्यावर आजी ओरडणार असेल, तर ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी. मला तीच जास्त आवडते.

हिशेब सोपा आहे. एका छोट्या मक्याच्या टॉर्टियात साधारण 10-12 ग्रॅम कार्ब्स असतात, कोबीच्या पानात एक-दोन. कोळंबीत जवळजवळ नसतातच. उलट 100 ग्रॅम कच्च्या कोळंबीत साधारण 20 ग्रॅम प्रोटीन मिळतं. पण त्यावर केचप ओतलात तर चमचाभर केचपमध्येच चार ग्रॅम साखर असते.

आता जरा बोचणारं. डब्यातली भाकरी मैत्रिणीला देऊन दिवसभर ब्लॅक कॉफीवर राहणं याला कॉलेजात सर्रास 'लो-कार्ब' म्हणतात. ती नुसती उपासमार आहे, आणि तिचं कौतुक होतं हे जास्त वाईट. संध्याकाळी दोन तास ग्राउंडवर घाम गाळणाऱ्याला भाकरी लागते, त्याने याच कोळंबीबरोबर ती खावी. डायबेटिस असेल किंवा गोळ्या चालू असतील, तर रील बघून नव्हे, डॉक्टरांना विचारूनच कार्ब्स कमी करा.

आणि हो, जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी कोळंबी महाग. त्या दिवसांत सुका जवळा धुऊन, भरपूर कांद्यावर परतून कोबीच्या पानात भरा. खिडकी मात्र उघडी ठेवा, हॉस्टेलवर असाल तर रूममेटला आधी सांगा.