विश्लेषण : गाडी ‘मॉडिफाय’ केली, पण पळवायची कुठे?

आठवडाभर कंटेनर आणि टँकरनी गजबजलेले तळोजा औद्योगिक वसाहतीतील रस्ते रविवारी सकाळी बऱ्यापैकी रिकामे असतात. शेजारच्या कळंबोलीतून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, तर नवी मुंबईच्या बाजूला पाम बीच मार्ग आहे. इंजिनाची ताकद वाढवलेली गाडी हाती असलेल्या तरुणाला मोह पडायला एवढे पुरेसे आहे. मात्र हे सगळे सार्वजनिक रस्ते आहेत आणि तिथे वेगाची परीक्षा घेणे गुन्हा आहे. मग ही हौस भागवायची कुठे आणि कशी?

गाडीतील बदलांबाबत कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने ठरवून दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची मुभा आहे. पण त्याचीही नोंद आरटीओकडे करावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि वाहनाच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदलले. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आवाजाच्या मर्यादेत बसत नसेल, तर कलम १९० लागू होते. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शर्यत लावली तर?

राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे कलम १८९ खाली येते. पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, तर पुन्हा पकडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याहून मोठा फटका विम्यात लपलेला असतो. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणीसाठी केलेला वापर वगळलेला असतो. याचा अर्थ, अधिकृत ट्रॅकवर गाडी आपटली तरी दुरुस्तीचा खर्च बहुधा मालकाच्याच खिशातून जातो. पॉलिसीतील ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग फारसे कुणी वाचत नाही.

ट्रॅकसाठी गाडीत नेमके काय बदलतात?

हौशी मंडळी बहुतेकदा इंजिनापासून सुरुवात करतात. ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलले की टर्बो गाडीची ताकद तासाभरात वाढते. अनुभवी चालक मात्र आधी ब्रेक आणि टायरकडे पाहतात. ट्रॅकवर दर वळणाआधी जोरदार ब्रेक लागतात आणि ब्रेक ऑइल तापत जाते. ‘डॉट ४’ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि मग तोच उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. कोकणातील दमट हवेत ही बाब विसरून चालत नाही. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल थेट खाली जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ताजे ऑइल, उष्णता सोसणारे ब्रेक पॅड आणि चांगले टायर हा खर्च पहिला. 

रोल केज, बकेट सीट आणि सहा पट्ट्यांचा हार्नेस ही साधने ट्रॅकवर जीव वाचवतात. रोजच्या वापरात मात्र हेल्मेट न घातलेल्या चालकाचे डोके त्याच रोल केजच्या लोखंडी नळीवर आपटू शकते. त्यामुळे पूर्णपणे ट्रॅकसाठी बांधलेली गाडी ट्रेलरवरूनच नेणे योग्य ठरते.

वेग थोडाच वाढला, तर बिघडते काय?

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर असलेली मोटार ताशी १०० किमी वेगावरून थांबायला साधारण ५० मीटर घेते, १४० वरून सुमारे ९५ मीटर. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर हे आकडे अनुक्रमे सुमारे ७७ आणि १३५ मीटर होतात. रस्त्याकडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रेलर अंधारात एवढ्या लांबून दिसत नाही. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा, टायरच्या भिंती, झेंडे दाखवणारे मार्शल आणि रुग्णवाहिका असते. रस्त्यावर यातले काहीच नसते. उलट त्याच वेळी कुणीतरी पायी रस्ता ओलांडत असतो.

मग अधिकृत ट्रॅक कुठे आहेत?

देशातील मोटार क्रीडा स्पर्धांचे नियमन ‘एफएमएससीआय’ ही चेन्नईस्थित संघटना करते आणि स्पर्धकाला तिचा परवाना घ्यावा लागतो. राष्ट्रीय सर्किट शर्यतींचा मुख्य पत्ता वर्षानुवर्षे तामिळनाडू हाच राहिला : श्रीपेरुंबुदूरजवळचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट २०११ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंग विजेतेपद पटकावणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळवला, तोही चेन्नईच्या ट्रॅकवर. तळोजातून तिथवरचे अंतर सुमारे १,३०० किमी आहे. एका दिवसाच्या सरावासाठी एवढा प्रवास, गाडीची वाहतूक, प्रवेश शुल्क आणि टायरचा खर्च किती जणांना परवडेल?

खरे तर मुंबईला हा खेळ नवा नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. अलीकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत.

हिवाळी स्पर्धांचे काय?

थंड देशांत गोठलेल्या तळ्यांवर खिळ्यांचे टायर लावून हौशी चालक गाड्या पळवतात. भारतात त्याच्या जवळ जाणारा अनुभव हिमालयातच मिळतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेड दे हिमालय’ या रॅलीने बर्फाळ खिंडीतून गाडी हाकण्याचे वेड अनेकांना लावले. बर्फावर ताकद निरुपयोगी ठरते. हलका पाय आणि संयम कामी येतो. कोकणपट्ट्यात मात्र हिवाळा म्हणजे कोरड्या डांबराचे दिवस. सराव करायला हाच काळ सर्वांत चांगला.

यातून मार्ग काय?

कलम १८९ मध्येच उत्तराची किल्ली आहे. हे कलम शर्यतीवर नव्हे, संमतीविना होणाऱ्या शर्यतीवर बंदी घालते. २०२४ मध्ये चेन्नईत शहराच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ४ ची रात्रीची शर्यत झाली, ती सरकारच्या पाठबळावरच. पण अशा झगमगाटात स्थानिक हौशी चालक फक्त प्रेक्षक असतो. त्याला हवे आहे ते फार स्वस्त आहे. ‘ऑटोक्रॉस’ प्रकारात मोकळ्या फरसबंद जागेवर शंकू मांडून एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध सोडली जाते. वेग बेताचा असतो आणि कस लागतो तो नियंत्रणाचा. एमआयडीसी किंवा सिडकोने एखादे बंदिस्त वाहनतळ महिन्यातून एका रविवारी एफएमएससीआयच्या नियमांनुसार, मार्शल आणि रुग्णवाहिकेसह उपलब्ध करून दिले, तरी सुरुवात होईल. सोबत आरटीओने कोणते बदल चालतात आणि कोणते नाहीत, याची साध्या मराठीतील यादी गॅरेजांपर्यंत पोहोचवायला हवी.

दंड आणि जप्ती आवश्यकच आहे. पण नुसत्या दंडाने हौस मरत नाही. ती पोलिसांची गस्त नसलेल्या वेळी रस्त्यावर येते. तिला कुंपणाच्या आत जागा दिली, तर पहाटे त्याच रस्त्याने पाळीवर जाणारा कामगारही सुरक्षित राहील.