राजवाड्यातले अक्षर आणि फलकावरची सूचना

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अक्षरांच्या वळणावर लिहावे, याचे काही प्राध्यापकांना नवल वाटेल. जमाखर्चाच्या वहीशी ज्याचा संबंध, त्याने सौंदर्याच्या गोष्टी कशाला कराव्यात? पण हा लेख मी हौसेने लिहीत नाही. एका चुकीपोटी लिहितो आहे, आणि ती चूक माझीच आहे.

गेल्या वर्षी वाणिज्य मंडळाच्या सूचना तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची इंग्रजी सूचना मी संगणकावर ‘बोदोनी’ या अक्षरात जुळवली. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातले. त्यामुळे इंग्रजीत काही लिहायचे तर ते निदान रुबाबदार दिसावे, असे मनातून वाटते. बोदोनीत रुबाब भरपूर आहे. उभे दांडे जाड, काळेभोर. आडव्या रेघा केसासारख्या बारीक. आणि टोकाची सपाट पट्टी, जिला सेरिफ म्हणतात, तीही तितकीच नाजूक. पडद्यावर सूचना लग्नपत्रिकेसारखी देखणी दिसली. एका कागदात बसावी म्हणून मी अक्षर लहान केले आणि झेरॉक्स प्रती वर्गावर्गांत लावल्या.

प्रतीवरून प्रत काढता काढता बारीक रेघा उडाल्या. ‘ई’ची मधली रेघ जाऊन तिचा ‘सी’ झाला. सहा कोणता नि आठ कोणता, हे कळेना. मुदत १६ तारखेची होती. खानापूर तालुक्यातून रोज बसने येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीने ती १८ वाचली. १७ तारखेला ती अर्ज घेऊन आली, तेव्हा मुदत संपली होती. तिचा अर्ज त्या वर्षी गेलाच नाही. मी माफी मागायला गेलो, तर ती म्हणाली, “दादा, मला वाटलं माझंच इंग्रजी कच्चं आहे.”

हे वाक्य मला फार लागले. त्यानंतर मी या अक्षराचा इतिहास वाचला. जांबातिस्ता बोदोनी हा इटलीतला मुद्रक १७४० साली जन्मला आणि १७६८ पासून पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख होता. मोठी पाने, रुंद समास, उत्तम कागद, आणि खर्चाला दरबार. त्याच्या अक्षरांचा दोन खंडी नमुनाग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८१८ साली, त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला. ते अक्षर त्या थाटासाठी होते. आमच्या झेरॉक्सच्या कागदावर ते उपाशी पडले, यात बोदोनीचा काय दोष?

कोणी म्हणेल, नाजूक अक्षरावर अशी टीका नेहमीचीच. खरे आहे. बोदोनीच्या आधी इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने जाड-बारीक रेघांतला फरक वाढवला, तेव्हा त्याच्या अक्षराने लोकांचे डोळे जातील अशी ओरड झाली. १७६० साली बेंजामिन फ्रँकलिनने अशाच एका टीकाकाराला कॅस्लनच्या अक्षराचा नमुना नाव फाडून बास्करव्हिलचा म्हणून दिला; त्या गृहस्थाने त्यातही तेच दोष काढले! तेव्हा पूर्वग्रह असतो, हे मान्य. पण आमच्या सूचनेत पूर्वग्रह नव्हता; रेघच नव्हती.

खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचा खिळा वेगळा घडवावा लागे. कसबी कारागीर लहान मापात बारीक रेघ थोडी जाड ठेवी, अक्षर थोडे रुंद करी. संगणकावर आपण एकच आकृती ओढून मोठी करतो, दाबून लहान करतो. ही उणीव ओळखूनच १९९४ साली निघालेल्या आयटीसी बोदोनीत सहा, बारा आणि बहात्तर अशा तीन मापांसाठी तीन वेगळी रूपे दिली गेली. म्हणजे उपाय आहे. मी तो विचारलाही नव्हता.

आपल्या दोन्ही भाषांना तर हा धडा अधिकच लागू आहे. ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यात फरक फक्त आतल्या एका रेघेचा. ती उडाली की ‘बार’चा ‘वार’ होतो. कन्नडात ‘द’ आणि ‘ध’ यांना वेगळे करणारी खालची रेघही इवलीशीच. बारीक रेघेचे देखणे अक्षर आपण मथळ्याला जरूर वापरावे; परीक्षेच्या वेळापत्रकाला नको.

माझे मागणे लहान आहे. या अंकाच्या मुखपृष्ठावर बोदोनी खुशाल यावे, मला आनंदच होईल. पण सूचना, फीचे तक्ते, तारखा यांना धट्टेकट्टे अक्षर असावे. लावण्याआधी प्रतीची प्रत काढावी आणि इंग्रजी कच्चे असलेल्या एखाद्याला ती वाचायला द्यावी. तो अडखळला, तर त्याला हसू नये; कागद बदलावा. ज्याला वाचता आले नाही तो स्वतःलाच दोष देतो आणि गप्प बसतो, म्हणून सूचना लिहिणाऱ्याला आपली चूक कधी कळतच नाही. मला कळली, ती त्या मुलीच्या एका वाक्यामुळे. तिचे वर्ष मात्र मी परत आणू शकत नाही.