हात राज्याने काढावा, हिशेब समाजाने ठेवावा

राज्यसंस्था आणि उपासनासंस्था यांची क्षेत्रे वेगळी असावीत, हा विचार युरोपने दीर्घ रक्तपाताची किंमत मोजून स्वीकारला. जॉन लॉक याच्या १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुताविषयक पत्रातील सूत्र सरळ आहे. राज्याचा अधिकार नागरिकांच्या जीवित-वित्तापुरता. आत्म्याचे कल्याण हे राज्यकर्त्याचे काम नव्हे. या सूत्राला दोन बाजू आहेत. धर्मपीठाने राज्य चालवू नये, तसेच राज्याने धर्मस्थान चालवू नये. आपल्याकडे पहिली बाजू व्यासपीठांवरून घोकली जाते. दुसरीचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

मद्रास इलाख्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८१७ मध्ये तेथील देवस्थानांवर कंपनी सरकारची देखरेख आली. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी मंदिरांचा कारभार पाहावा, हे मिशनऱ्यांना रुचेना. त्यांच्या दडपणामुळे सरकार हळूहळू मागे सरले आणि १८६३ च्या कायद्याने मंदिरे विश्वस्त व स्थानिक समित्यांकडे गेली. परके सरकार असे बाहेर पडले. पण जस्टिस पक्षाच्या राजवटीत, १९२५ च्या सुमारास, सरकारी नियंत्रण परतले आणि स्वराज्यात १९५१ च्या कायद्याने ते अधिक घट्ट झाले. त्याच १९२५ साली पंजाबात वेगळा मार्ग निघाला. वंशपरंपरागत महंतांविरुद्ध अकालींनी दिलेल्या लढ्यानंतर गुरुद्वारांचा कारभार मुख्यतः शीख मतदारांनी निवडलेल्या मंडळाकडे आला. कायदा सरकारचा, कारभार समाजाचा!

उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा आखून दिली. धर्माचार कोणता, हे संप्रदायाने ठरवावे. मालमत्तेच्या व्यवस्थापनाचे नियमन कायदा करू शकतो. पुढे २०१४ मध्ये चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले की, गैरकारभार दूर करण्यासाठी व्यवस्थापन हाती घेतले, तरी दोष दूर होताच ते परत केले पाहिजे. नियंत्रण हे औषध आहे, नित्याचा आहार नव्हे.

पण औषधाची गरज पडावी असा रोग होता, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पंढरीच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवण्यासाठी १९७३ चा कायदा करावा लागला आणि त्यावरील न्यायालयीन लढाई २०१४ पर्यंत चालली. समाजाने आपले घर वेळीच झाडले असते, तर सरकारला झाडू घेऊन आत शिरण्यास निमित्त मिळाले नसते. सर्व हिंदूंना मंदिरे खुली करण्याचा राज्याचा जो अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २५ ने मान्य केला आहे, तो म्हणूनच अबाधित राहिला पाहिजे.

मंदिरे सरकारमुक्त व्हावीत, ही मागणी न्याय्य आहे. मात्र ‘मुक्त झाल्यावर कोणाच्या हाती?’ या प्रश्नाचे उत्तर मागणी करणाऱ्यांजवळ तयार हवे. मूठभर घराण्यांच्या हाती, हे उत्तर समाजाला मान्य होणार नाही. सर्व जातींतील भक्तांचे प्रतिनिधित्व, उघडे हिशेब, ठरावीक मुदतीचे विश्वस्त आणि देवधनाचा लोकोपयोगी विनियोग, एवढी शिस्त समाजाने स्वतःहून अंगीकारली पाहिजे. राज्याला बाहेर राहा असे सांगण्याचा नैतिक अधिकार अशा शिस्तीतूनच येतो. तो कमावण्याची सुरुवात आपल्या गावच्या देवळापासून व्हावी.